मुंबई ते न्यू यॉर्क विमानाने: किलोमीटर, तास आणि तारीख यांचा हिशोब कसा लावायचा

मुलीकडे नाहीतर मुलाकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले आई-बाबा असोत किंवा ऑगस्टमध्ये मास्टर्सला जाणारी पोरं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती लांब आहे आणि किती तास लागतात. सर्च केलं की कुठे साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, कुठे चौदा तास, कुठे सोळा, कुठे बावीस, आणि तिकिटावर बघितलं तर निघायची वेळ रात्री दीड आणि पोचायची सकाळी सात, तारीखही तीच! मग माणूस गोंधळणारच. यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर आहे, फक्त कुठला आकडा कशाचा ते समजून घ्यायला हवं. आणि माझं स्पष्ट मत असं की तुमच्या कामाचा खरा आकडा यातला एकही नाही. तुम्हाला हवा असतो तो घराच्या दारातून निघाल्यापासून तिकडच्या घराच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ, कारण औषधं, जेवण, झोप, कोण घ्यायला येणार हे सगळं त्यावर ठरतं. तो आकडा कसा काढायचा ते खाली पायरी पायरीने सांगतो. उदाहरण मुंबई-न्यू यॉर्कचं घेतलंय, पण पद्धत कुठल्याही दोन एअरपोर्टला चालते.

१. आधी एअरपोर्ट नक्की करा, शहर नाही

हे सगळ्यात आधी, कारण आता मुंबईतही दोन एअरपोर्ट झालेत. जुना छत्रपती शिवाजी महाराज एअरपोर्ट, त्याचा कोड बीओएम, आणि नवी मुंबईचा नवा, त्याचा कोड एनएमआय, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. तिकिटावर नुसतं मुंबई वाचून कॅबमध्ये बसू नका, तीन अक्षरी कोड बघा. गोव्याच्या लोकांना हे नवीन नाही, तिथे दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स असे दोन कोड जानेवारी २०२३ पासून आहेतच आणि एकातून दुसरीकडे जायचं म्हणजे अर्धा गोवा पार करायचा.

न्यू यॉर्कला तर आणखी जास्त घोळ. जेएफके हा क्वीन्स भागात, आणि न्यूअर्क, कोड ईडब्ल्यूआर, हा नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात. तिसरा लाग्वार्डिया, तो मुख्यतः देशांतर्गत. आता आपल्या मराठी मंडळींपैकी बरीच न्यू जर्सीतल्या एडिसन आणि त्याच्या आसपास राहतात, त्यांना न्यूअर्क खूप जवळ पडतं. जेएफकेला उतरलात तर घ्यायला येणाऱ्याला अख्खं न्यू यॉर्क ओलांडून यावं लागतं, ट्रॅफिक असेल तर दोन तास सहज. तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त म्हणून जेएफके घेताना हा हिशोब डोक्यात ठेवा.

२. हवेतलं सरळ अंतर काढा

मुंबई ते जेएफके सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे, अगदी काटेकोर म्हणाल तर त्याहून तीस-चाळीस किलोमीटर जास्त. तुलनेसाठी सांगायचं तर मुंबई-दुबई सुमारे १,९०० किमी, मुंबई-लंडन ७,२०० च्या आसपास आणि मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार.

पण सरळ म्हणजे काय हे नीट बघा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यू यॉर्कपर्यंत पट्टीने रेघ मारली तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया असं करत अटलांटिक ओलांडून जाते. ती रेघ दिसते सरळ, पण भरते जवळपास १४,२०० किमी, म्हणजे सोळा-सतराशे किलोमीटर जादा. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे, त्यामुळे नकाशावर सरळ दिसणारी वाट सगळ्यात जवळची नसते.

घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. आधी तो विषुववृत्तावर गुंडाळून मापा, समजा ९४ सेंटीमीटर भरला, तर हे ९४ सेंटीमीटर म्हणजे ४०,००० किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यू यॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल, गुणाकार-भागाकार केला की साडेबारा हजार किमी. आणि दोरा कुठून जातो ते बघा: कच्छ, मग सिंध-बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पुढे रशियात मॉस्कोच्या जवळून, फिनलंड, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, तिथून कॅनडातलं लॅब्राडोर आणि मग खाली न्यू यॉर्क. मुंबईहून अमेरिकेला जाताना सगळ्यात जवळची वाट आइसलंडवरून जाते हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटतच नाही, म्हणून म्हणतो दोरा घेऊन करूनच बघा, मुलांनाही बरोबर घ्या, शाळेतल्या भूगोलाच्या तासाला हे कोणी करून दाखवत नाही.

गोल नसेल तर गूगल अर्थमध्ये मोजपट्टीचं टूल आहे, दोन टोकं क्लिक करा, अंतर समोर. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, तिच्यात दोन कोड टाकले की अंतर आणि वाट दोन्ही दिसतं. आकडा नॉटिकल मैलात असेल तर त्याला १.८५२ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. साधे मैल असतील तर १.६०९ ने.

३. विमान खरंच त्या वाटेने जातं का

जात नाही, बहुतेक वेळा. वर दोऱ्याने जी वाट दाखवली तिच्यावरचे देश परत वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तारीख होती २४ एप्रिल, आणि मग ती मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. याआधी बालाकोटनंतरही असंच झालेलं, फेब्रुवारी २०१९ अखेरपासून थेट जुलैच्या मध्यापर्यंत. रशियाने २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना वाट बंद केली. म्हणजे तुम्ही कुठल्या कंपनीच्या विमानात बसलात त्यावर ते विमान कोणत्या देशावरून जाऊ शकतं हे ठरतं, आणि त्यामुळे त्याच दोन शहरांमधलं अंतर दोन कंपन्यांना वेगवेगळं पडतं.

मुंबईकरांचं त्यातल्या त्यात बरं, कारण इथून विमान निघालं की अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळता येतं, आखाताच्या बाजूने वर चढून तुर्कस्तान आणि युरोपमार्गे जाता येतं. दिल्लीवाल्यांना पाकिस्तानच्या बंदीचा जास्त फटका बसला, ती असेपर्यंत त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन मग वळसा घ्यावा लागतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट मध्ये व्हिएन्नाला इंधन भरायला थांबत होत्या, आणि दिल्ली-वॉशिंग्टन ही एअर इंडियाची थेट सेवा तर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच केली गेली. म्हणून पुण्या-नाशिकच्या माणसाने ‘दिल्लीमार्गे जाऊ, स्वस्त पडतंय’ असं ठरवताना हे नक्की बघावं. डिसेंबर-जानेवारीत तर दिल्लीचं धुकं वेगळंच.

आखाताची वाटही कायम मोकळी असते असं नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणची हद्द बंद झाली आणि २३ जूनला कतारने काही तास आपली हद्द बंद केली तेव्हा दोहाला चाललेली विमानं वाटेतूनच वळवावी लागली. त्यामुळे निघायच्या आधीचा आठवडाभर बातम्यांवर लक्ष असू द्या.

मग आजची खरी वाट कशी कळणार? सोपं आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांचा इतिहास मिळतो, विमान कुठून गेलं, किती वाजता निघालं, किती वाजता उतरलं. जाहिरातीतल्या किंवा कॅल्क्युलेटरवरच्या तासांपेक्षा मला हाच आकडा जास्त भरवशाचा वाटतो. चार-पाच दिवसांचे बघा म्हणजे सरासरी लक्षात येते.

४. किलोमीटरवरून तास

मोठं जेट विमान वर गेल्यावर साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातं. पण चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं यात वेळ जातो, म्हणून अंदाज घ्यायला मी अंतराला ८५० ने भागतो आणि वर अर्धा तास टाकतो. लंडनचे ७,२०० भागिले ८५० म्हणजे साडेआठच्या जवळपास, अधिक अर्धा, नऊ तास. न्यू यॉर्कला सरळ वाटेने सव्वापंधरा येतात, पण वळसा धरून १३,००० च्या वर पकडा म्हणजे सोळाच्या आसपास जाता. दुबईसारख्या जवळच्या ठिकाणी या हिशोबाने थोडं कमी येतं, तिथे अर्ध्याऐवजी पाऊण-एक तास टाका.

तिकिटावर जे तास लिहिलेले असतात ते विमान गेटवरून हलल्यापासून दुसरीकडे गेटला लागेपर्यंतचे असतात. त्यात कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरून ठेवतात, म्हणूनच कधी कधी अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं.

५. वारा, हा मुद्दा लोक विसरतात

जाताना सोळा तास आणि येताना चौदा, असं का, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. पुष्कळ जण सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून. ते बरोबर नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असतं. खरं कारण वर वाहणारा वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना वारा समोरून लागतो, भारतात परत येताना पाठीमागून ढकलतो.

गणित करून बघा. विमान हवेत ताशी ९०० ने जातंय, सरासरी ५० चा वारा समोरून आला तर जमिनीच्या मानाने ८५०, पाठून आला तर ९५०. १३,००० किमीला पहिल्या हिशोबाने पंधरा तास वीस मिनिटं, दुसऱ्याने तेरा तास चाळीस मिनिटं. नुसत्या ५० च्या वाऱ्याने दीड तासाहून जास्त फरक पडला.

वारा किती करू शकतो याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, वादळामुळे वारा इतका जोरात होता की जमिनीच्या मानाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला. आणि दुसरं आपलंच, ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिककडून न नेता पॅसिफिकवरून नेली. अंतर वाढून १५,३०० किमीच्या आसपास गेलं, आणि तरीही साडेचौदा तासात पोचले, म्हणजे लांबच्या वाटेने लवकर, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी. यावरून एवढं लक्षात ठेवा की किलोमीटर कमी म्हणजे तास कमी असं होतंच असं नाही.

६. घड्याळाची वजाबाकी

आता येतो तिकिटावरच्या दीड आणि सातकडे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. मुंबईची वेळ मुंबईच्या घड्याळाची, न्यू यॉर्कची तिकडच्या घड्याळाची. दोन्ही एका घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायचीच नाही.

हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपण काही हलवत नाही. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे सगळ्यांचे फरक वेगळेच असतात, त्या दिवसांत फोन लावतानासुद्धा तपासून लावा. दुबई वर्षभर आपल्या दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे.

समजा जानेवारीत मुंबईहून रात्री १:३० ला निघाली आणि न्यू यॉर्कला सकाळी ७:०० ला पोचली. सात अधिक साडेदहा, म्हणजे तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच, सोळा तास. परत येताना, समजा तिथून दुपारी १२ ला निघाली आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला आली. तिथे बारा वाजले तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेदहा, तिथपासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा म्हणजे चौदा तास. झालं, एवढंच गणित आहे, दोन वेळा करून बघितलं की जन्मभर येतं.

तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची तारीख. कधी +२ पण असतं.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून दोनदा वाचा. १५ तारखेची रात्री दीडची फ्लाइट म्हणजे तुम्हाला १४ तारखेच्या संध्याकाळी एअरपोर्टला असायला हवं. १५ तारखेला दिवसभर आरामात बॅगा भरून रात्री निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असणार. मुंबईहून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतरच्या असतात त्यामुळे ही चूक शिकल्या-सवरलेल्या घरांत होते. कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकोनात लिहा ‘आज रात्री ९ ला एअरपोर्ट’, १५ च्या चौकोनात काही लिहूच नका.

७. थेट जायचं की मध्ये थांबायचं

थेट म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारी फ्लाइट. बुकिंग करताना ‘स्टॉप्स’ चा रकाना शून्य आहे का ते बघा, कारण फ्लाइट नंबर एकच असला तरी मध्ये एखादा थांबा असू शकतो. शिवाय शेड्यूल मोसमाप्रमाणे बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षी शेजारचे काका ज्या फ्लाइटने गेले तीच तुमच्या तारखेला असेल असं धरून चालू नका.

थांबा घेतला की अंतर खूप वाढतं असं वाटतं, पण तसं नाहीये. मुंबई-दुबई १,९०० आणि दुबई-न्यू यॉर्क ११,००० मिळून होतात साधारण १२,९००, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टमार्गेही पावणेतेरा हजारच्या आसपास. दुबई आणि फ्रँकफर्ट दोन्ही वाटेपासून फार लांब नाहीत म्हणून. वाढतो तो वेळ, आणि तो सगळा जमिनीवरचा. दुबईमार्गे सव्वातीन तास, मग तीन तास थांबा, मग चौदा तास, एकूण वीसच्या पुढे. थांबा आठ तासांचा असला तर पंचवीस.

माझा सल्ला विचाराल तर थांबा दोन तासांपेक्षा कमी नको आणि पाचपेक्षा जास्त नको. पन्नास मिनिटांचं कनेक्शन कागदावर छान दिसतं, पण पहिलं विमान अर्धा तास लेट झालं, वर सिक्युरिटीची रांग, आणि बाबांचे गुडघे दुखतायत, अशा वेळी काय होणार? एअरलाइन पुढच्या फ्लाइटवर बसवते, जर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरं विमान चुकल्याचा खर्च तुमचाच. त्यामुळे एकच बुकिंग, एकच पीएनआर, आणि सामान थेट न्यू यॉर्कपर्यंत टॅग केलेलं. काउंटरवर बॅगेच्या टॅगवरचा शेवटचा कोड स्वतः वाचून घ्या.

साठी-सत्तरीच्या माणसांना थेट बरं की थांबा बरा यावर घराघरात वाद असतो. मला विचाराल तर तब्येत ठीक असेल आणि परवडत असेल तर थेट, कारण एकदा बसलं की शोधाशोध नाही, भाषा नाही, गेट बदललं वगैरे भानगड नाही. पाय सुजत असतील किंवा सोळा तास बसणं झेपत नसेल तर मध्ये तीन-चार तासांचा थांबा, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवायची. व्हीलचेअर मागण्यात कमीपणा अजिबात नाही, दुबई किंवा फ्रँकफर्टला गेट ते गेट चालणं बरंच होतं.

आणखी दोन गोष्टी. अबू धाबीमार्गे एतिहादने गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीलाच होतं, २०१४ पासून ती सोय आहे. म्हणजे तिथे थांबा जरा मोठा ठेवा, पण न्यू यॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बॅगा घेऊन बाहेर. दुसरं म्हणजे युरोपात थांबा असेल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे एअरलाइनकडून आधीच विचारून घ्या, नियम देशागणिक वेगळे आहेत. आणि न्यू यॉर्कहून पुढे डॅलस, शिकागो असं दुसरं विमान धरायचं असेल आणि इमिग्रेशन अबू धाबीसारखं आधीच झालेलं नसेल तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच ते होतं, बॅगा उचलायच्या, कस्टम्स करायचं आणि बॅगा परत द्यायच्या. त्यासाठी तीन तास तरी हवेत.

८. आता दारापासून दारापर्यंत

पुण्याचं उदाहरण घेऊ. १४ तारखेला संध्याकाळी ६ ला निघालात, एक्सप्रेसवे, वाशीचा ट्रॅफिक, असं करत १० ला मुंबईच्या टी-२ ला, म्हणजे टर्मिनल २ ला. चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी, रात्री १:३० ला विमान. सोळा तास. न्यू यॉर्कला सकाळी ७. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा, साडेआठला बाहेर. एडिसनला घरी साडेदहा. तिकडचे साडेदहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे १५ तारखेच्या रात्रीचे ९. संध्याकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी रात्री ९, एकूण सत्तावीस तास, आणि ही थेट फ्लाइट आहे बरं का. दुबईमार्गे गेलात तर बत्तीसच्या घरात.

पावसाळ्यात घाटात आणि पनवेलच्या पुढे काय होईल सांगता येत नाही, जून ते सप्टेंबर आणखी दोन तास जास्त धरा. नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर इकडून डोमेस्टिक फ्लाइटने मुंबईला येणार असाल तर ती कुठे उतरते ते बघा. टी-१ ला उतरली तर टी-२ ला बाहेरून रस्त्याने जावं लागतं, आणि नवी मुंबईला उतरली तर सगळं सामान घेऊन रस्त्याने थेट सहारपर्यंत, म्हणजे टी-२ पर्यंत, त्याला पीक अवरला दोन तास सोडा.

९. औषधं आणि झोप

सत्तावीस तास हा आकडा आला की मग त्यातून पुढचं ठरतं. बीपी, थायरॉइडची गोळी चोवीस तासांनी एक असते तर प्रवासात ती एकदा किंवा दोनदा येणार, तेवढ्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, चेक-इन बॅगेत नाही. विमानात असेपर्यंत एक घड्याळ मुंबईच्या वेळेवरच राहू द्या, गोळ्या त्यावर घ्या, तिकडे पोचल्यावर हळूहळू वेळ सरकवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना फ्लाइटच्या वेळा दाखवून डोस लिहून घ्यावा, कारण साडेदहा तास घड्याळ मागे जातं तेव्हा तो दिवस चौतीस-पस्तीस तासांचा होतो, त्यात जेवणं वाढतात. दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी पीत राहा.

पोचल्यावर दुपारी डोळे मिटायला लागतात कारण शरीराच्या हिशोबाने ती रात्र असते. जमेल तेवढं उजेडात बसा, तिकडच्या रात्री ९ पर्यंत तग धरा. एक तासाच्या फरकाला साधारण एक दिवस असा ढोबळ हिशोब सांगतात, म्हणजे आठ-दहा दिवस, बरेच जण त्याआधीच रुळतात. परत आल्यावर मात्र जास्त त्रास होतो, पूर्वेकडे येताना शरीराला लवकर झोपायला लागतं ते जड जातं, त्यामुळे परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस, लग्न, मुंज असलं काही ठेवू नका.

१०. निघण्याआधी एका कागदावर

फ्लाइट नंबर, टर्मिनल, निघण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची वेळ आणि तारीख तिकडची, आणि तीच वेळ मुंबईच्या घड्याळाने किती, एवढं मराठीत लिहून एक कागद स्वतःच्या पर्समध्ये, त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर. घ्यायला येणाऱ्याला तारीख तिकडचीच सांगा, कारण इथून ‘उद्या रात्री पोचतो’ म्हटलं आणि तिकडे ती उद्याची सकाळ असली की माणूस अर्धा दिवस उशिरा एअरपोर्टला येतो. निघायच्या दिवशी दुपारी आणि परत घरातून निघताना फ्लाइट नंबर तपासा, वेळ किंवा टर्मिनल बदललं असेल तर तिथे कळेल. परतीच्या तिकिटाला +१ असेल तर ऑफिसची रजा आणि मुंबईहून घरी न्यायची गाडी दोन्ही त्या पुढच्या तारखेने ठरवा.